एमजी ४२ मशीनगनचा आवाज इतका वेगळा का होता?

प्रश्न:
दुसऱ्या महायुद्धातील जर्मन एमजी ४२ मशीनगनचा आवाज कापड फाडल्यासारखा येत असे, असे वारंवार वाचनात येते. इतर मशीनगनचे ठोके सुटे ऐकू येतात. मग हिचाच आवाज अखंड का? आणि तिची दहशत आवाजामुळे होती की माऱ्यामुळे?

प्रतिसाद १:
कारण तिच्या वेगात आहे. ती मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्या झाडत असे, म्हणजे सेकंदाला वीस. ब्रिटिश व हिंदी सैन्याकडील ब्रेनगनचा वेग मिनिटाला सुमारे ५००, म्हणजे सेकंदाला आठ; एवढे ठोके कानाला सुटे कळतात, वीस मात्र एकमेकांत मिसळून जातात. कापडाच्या दुकानात मांजरपाटाला कात्रीची चीर देऊन तो दोन्ही हातांनी टर्रकन फाडतात, तेव्हा एकेक धागा तुटताना कुठे वेगळा ऐकू येतो? तसेच हे. ५० गोळ्यांचा पट्टा अडीच सेकंदांत संपत असे.

प्रतिसाद २:
त्या आवाजाने धडकी भरत असे, हे खरेच. नवख्या सैनिकांच्या मनातील भीती घालवण्यासाठी अमेरिकेच्या युद्ध खात्याने प्रशिक्षणपटही काढला होता. तरीही नुसत्या आवाजावर एवढा दरारा टिकला नसता, असे माझे मत आहे. जर्मन पायदळाची लहान तुकडी या गनभोवतीच रचलेली असे आणि रायफलधारी सैनिक तिच्यासाठी काडतुसांचे पट्टे वाहत. तिचे दुखणेही वेगातूनच आले होते. सलग मारा केला की नळी तापे आणि साधारण अडीचशे गोळ्यांनंतर बदलावी लागे. सरावलेला गनर उजव्या बाजूची खिटी उघडून, तापलेली नळी बाहेर ओढून काही सेकंदांत नवी बसवत असे. पण समोरच्याला पुढे सरकायला तेवढीच उसंत मिळे.

प्रतिसाद ३:
अशी उसंतही न मिळता जर्मन मशीनगनवर चालून गेलेल्या मराठा सैनिकाची आठवण येथे व्हायलाच हवी. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी अगदी जवळून झालेल्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याखेरीज सारे ठार वा जखमी झाले. ते एकटेच धावले. हातबॉम्बने गन आणि ती चालवणारा असे दोन्ही निकामी केले, टॉमीगनने आणखी एकाला टिपले आणि मॅगझिन बदलायला वेळ नसल्याने तीच टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार मारले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.