मदत हवी आहे : गीझर बंद असतानाही आरसीसीबी का पडते?

नमस्कार. मागच्या महिन्यात आंघोळीच्या वेळी आईने नळाला हात लावला आणि हाताला झिणझिण्या आल्या. हात अवघडला असेल असं समजून ती दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी मलाच तसा झटका बसला, तेव्हा गीझर बंद करून वायरमनला बोलावलं. ते दोन दिवस ती ओल्या पायांनी तिथेच उभी राहत होती, हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

वायरमनने सॉकेट उघडलं तर अर्थिंगची तार सुटून मोकळी पडली होती. ती जोडली, आणि मी आग्रह धरला म्हणून डीबीत (घरातल्या विजेच्या मुख्य बॉक्समध्ये) ३० मिलीअँपिअरची आरसीसीबीही (तेवढा करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवली. त्याआधी फक्त एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारे स्विच) होत्या. त्या असल्या की शॉकची भीती नाही अशी माझी समजूत होती. पण १६ अँपिअरची एमसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झालं तरच पडते, आणि अंगातून १० मिलीअँपिअरच्या आसपास करंट गेला तरी स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता अडचण अशी. गीझर लावला की चार-पाच मिनिटांत आरसीसीबी पडते. ते एक वेळ समजतं. पण गीझरचं बटण बंद असताना इस्त्री लावली तरी पडते! दुसरी इस्त्री लावून पाहिली, तेच. वायरमन म्हणतो, "इतकी नाजूक नको, १०० ची टाकू, नाहीतर थेट जोडून देतो." माझं मन तयार होत नाही. काय करावं?

प्रतिसाद १

थेट जोडू देऊ नका, आणि १०० चीही नको. १०० किंवा ३०० मिलीअँपिअरच्या आरसीसीबी मुख्यतः लीकेजमुळे आग लागू नये म्हणून असतात. माणसाच्या बचावासाठी ३० किंवा त्याहून कमीचीच हवी.

इस्त्रीचा दोष नसावा. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सारखा आहे का, एवढंच बघते. गीझरचं बटण बहुतेक फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलीच राहते. कॉइलमध्ये न्यूट्रल बॉडीला टेकली असेल, तर इस्त्रीचा परतीचा करंट थोडासा गीझरच्या अर्थिंगमधून निसटतो. तेवढा फरक पुरतो. गीझरचा प्लग पूर्ण उपसून इस्त्री लावून बघा. तरीही पडली, तर दोष वायरिंगमध्ये शोधायचा.

धागाकर्ता

प्लग काढला आणि इस्त्री अर्धा तास चालली, एकदाही पडली नाही! दुसऱ्या वायरमनला बोलावलं. त्याने मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लावला तर कॉइल आणि बॉडीमधलं रीडिंग जवळजवळ शून्य. कॉइल बाहेर काढली तेव्हा क्षाराच्या थराखाली नळीला तडा दिसला. नवी कॉइल टाकली, आठवडा झाला, सगळं ठीक आहे. तुमचे मनापासून आभार. आईला आता काही जाणवलं तर लगेच सांगायचं असं बजावून ठेवलं आहे.

एक शंका राहिली. आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबलं की ती पडते. म्हणजे अर्थिंगही ठीक आहे असं धरायचं का?

प्रतिसाद २

नाही. ते बटण आतल्या एका रेझिस्टरमधून मुद्दाम फरक पाडतं, अर्थिंगशी त्याचा संबंधच नाही. अर्थिंग तुटलेलं असलं तरी बटण दाबल्यावर ती पडेल. फक्त तेव्हा बिघाड झाला तर लीकेजला जमिनीकडे जायला वाट उरत नाही, आणि ती वाट माणसाच्या अंगातून तयार झाल्यावरच आरसीसीबी पडते. म्हणजे झटका बसतोच, थोडा वेळ बसतो इतकंच. अर्थिंग वेगळं तपासून घ्या, बाथरूममधलं तर आधी. बटण मात्र दर महिन्याला दाबत जा, आतली यंत्रणा अडकून बसू शकते.

आणि फेज व न्यूट्रल दोन्ही हातांत आले आणि पाय कोरड्या लाकडावर असले, तर आरसीसीबीच्या दृष्टीने तुम्हीही एक बल्बच. तेव्हा ती पडणार नाही. बोर्ड उघडण्याआधी मेन बंदच करा.