मदत हवी आहे: पुण्याच्या खासदारांनी कोणत्या विधेयकावर काय मत दिलं, हे कुठे शोधायचं?

कोथरूडच्या आमच्या वाचनालयात फळ्यावर दोन रकाने आखलेत: विधेयक आणि खासदारांचं मत. दुसरा रकाना अजून कोराच आहे.

पीआरएस या संसदेच्या कामकाजाची माहिती देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर खासदारांची हजेरी, प्रश्न, चर्चा सापडतात. आपले खासदार मंत्री असल्याने त्यांची हजेरीही तिथे नाही. मत तर कुणाचंच नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यात नावनिशी नोंद होत नाही, हे ठाऊक आहे. (मला हे फार खटकतं. मतदाराला एवढं तरी कळायला हवं.) म्हणून फक्त मतविभागणी (म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवून मोजणी) झालेलीच विधेयकं हवी आहेत. उदाहरणार्थ एप्रिल २०२५ मधलं वक्फ दुरुस्ती विधेयक, २८८ विरुद्ध २३२. अशा वेळी लोकसभेच्या त्या दिवसाच्या वृत्तांतात नावं छापतात, पण दिवसागणिक शेकडो पानं चाळणं आम्हा तिघांच्या आवाक्याबाहेर आहे.

पक्षादेश असतो, मत ठरलेलंच असतं, हे मान्य. तरी नोंद हवीच. वृत्तांत हिंदी-इंग्रजीत असला तरी चालेल. माहिती अधिकारात अर्ज करायचीही तयारी आहे.

अठराव्या लोकसभेतल्या सगळ्या मतविभागण्यांची तारीखवार यादी एका जागी कुठे मिळेल? आणि यंत्राऐवजी चिठ्ठीवर नोंदवलेली मतं त्या नावांमध्ये धरलेली असतात का?