'व्हॉइड पॉइंटर'ला मराठीत काय म्हणावं?

राजेंद्रनगर, इंदूर: माझ्या सी प्रोग्रामिंगच्या शिकवणीला मराठी घरांतली पोरं येतात, पण पारिभाषिक शब्द त्यांच्या कानावर हिंदीतलेच. अ‍ॅरेला (एकाच प्रकारच्या घटकांच्या रांगेला) 'सरणी' म्हटलं की त्यांना आपली 'सारणी' आठवते आणि तक्ता डोळ्यांपुढे येतो. ते निस्तरता येतं. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारा; त्यातल्या 'व्हॉइड पॉइंटर'ला मात्र मी 'शून्य पॉइंटर' म्हणतोय. चालेल?

रामबाग: नाही हो दादा. शून्य म्हटलं की नल पॉइंटर, आणि तो कुठेच बोट दाखवत नाही. व्हॉइड पॉइंटरकडे पत्ता असतो. तिथे इंट (पूर्णांक) आहे की डबल (दशांश संख्या), एवढंच तो सांगत नाही. 'बिनप्रकारी पॉइंटर' म्हणा. क्यूसॉर्टला, म्हणजे सीमधल्या क्रम लावणाऱ्या तयार फंक्शनला, काय काय द्यावं लागतं बघा: अ‍ॅरेची सुरुवात, घटक किती, एक घटक किती बाइटांचा, आणि तुलना करणारं फंक्शन. सुरुवातीचा पॉइंटर बिनप्रकारी, म्हणून पुढचा घटक किती बाइटांवर ते वेगळं सांगायचं. लहान-मोठं ठरवायला तर प्रकार कळायलाच हवा, आणि तो फक्त आपल्या फंक्शनला ठाऊक. म्हणून त्या फंक्शनचा पॉइंटर. आत आलेले दोन्ही बिनप्रकारी पॉइंटर आधी इंटचे करून घ्यायचे, मग किंमत वाचायची.

लोकमान्यनगर: 'बिनप्रकारी' कानाला 'बिनपगारी' लागतं, पण अर्थ चोख आहे. सीचे नियम पक्के करणाऱ्या 1989 च्या आन्सी स्टँडर्डआधी हे काम कॅर (अक्षराच्या) पॉइंटरवर भागवत. एक सांगते, त्याला 'सर्वप्रकारी' नका म्हणू. फंक्शनचा पॉइंटर त्यात मावेलच, अशी हमी स्टँडर्ड सी देत नाही. बिनप्रकारी पॉइंटरमध्ये एक मिळवणंही नियमात बसत नाही. जीसीसी हा कंपायलर घटक एक बाइटचा धरून चालवून घेतो, म्हणून पोरांना वाटतं जमलं.

राजेंद्रनगर: पटलं. आणि 'फंक्शन पॉइंटरांचा अ‍ॅरे'? पोरं त्याला अ‍ॅरेचा पॉइंटर समजून राहिलीत.

रामबाग: तिथे मराठी सोयीची. शेवटचा शब्द तीच वस्तू. 'चार पॉइंटरांचा अ‍ॅरे' हा अ‍ॅरे, 'चार इंटच्या अ‍ॅरेचा पॉइंटर' हा पॉइंटर. लिहिताना स्टार आणि नाव तेवढंच गोल कंसात घेतलं, चौकटी कंस बाहेर ठेवला, की अ‍ॅरेचा पॉइंटर. फंक्शन पॉइंटरांच्या अ‍ॅरेत चौकटी कंसही नावाला चिकटून गोल कंसाच्या आत येतो. नुसता 'फंक्शनांचा अ‍ॅरे' मात्र वहीतही लिहू देऊ नका, सीमध्ये तसलं काही नसतंच.

राजेंद्रनगर: 'बिनप्रकारी' उद्यापासून फळ्यावर. पॉइंटर पॉइंटरच राहू दे.