ऊसतोड टोळ्यांसाठी एचआयव्ही प्रतिबंध : मुकादमाला मध्ये न घेता फडापर्यंत कसं पोचायचं?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान संस्थेत काम करते. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची गावंच्या गावं ऊस तोडायला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी पार बेळगावकडे. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मुक्काम खोपीतच. यंदा टोळ्या निघायच्या आत त्यांच्यासाठी एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रम आखायचा आहे आणि त्यासाठी अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे.

भिंतीवरच्या घोषणा आणि व्याख्यानं मला नकोत. कंडोम वापरावा हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. तोड पहाटे अंधारात सुरू होते आणि तपासणी केंद्र तालुक्याला, दिवसा उघडं. कोयता म्हणजे जोडपं, त्यामुळे एक जण दवाखान्यात गेला की दुसऱ्याचंही काम थांबतं. डोक्यावर उचल (आगाऊ घेतलेले पैसे) असताना खाडा कोण करणार?

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आधीपासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर, असलेल्यांची. गोळ्या नियमित चालू राहून रक्तातला विषाणू दबलेला असेल तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे उपचार हाच मोठा प्रतिबंध. पण प्रकृती स्थिर असली तरी हातात तीन महिन्यांच्या गोळ्या पडतात, आणि हंगाम त्याहून लांब. पुढच्या गोळ्या फडाजवळच्या केंद्रातून मिळवायच्या तर निघण्याआधी कागदपत्रं कशी करून घ्यायची? कर्नाटकात गेलेल्यांचं काय? हे कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

दुसरा पेच मुकादमाचा, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा. त्याच्या परवानगीशिवाय टोळीत शिरता येत नाही, पण कोणाची तपासणी झाली हे त्याला कळलं तर त्या माणसाचं पुढच्या वर्षीचं कामच जाऊ शकतं. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे, पण दहा खोपींच्या वस्तीत ती पाळायची कशी? रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन अशा सरसकट तपासणीबरोबर, वेगळी संमती घेऊन, एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी ठेवावी असं मला वाटतं.

कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत १९९२पासून तिथल्या बायकांनीच एकमेकींना एचआयव्हीपासून बचाव शिकवला, सांगलीतही तसंच काम उभं राहिलं. ती पद्धत मला पटते. पण टोळीत सगळी भावकीच असते. तिथे आपल्यातल्याच बाईला कोणी मनातलं सांगेल का, की शेजारच्या टोळीतली बाई नेमावी? आशाताई, समुपदेशक किंवा स्वतः तोडीला गेलेलं कोणी इथे असेल तर जरूर लिहा.