टचस्क्रीन: कॅलिब्रेशनच्या चाचणीत अचूक, पण अ‍ॅपमध्ये अक्षांची अदलाबदल

प्रश्न:
आमच्या नियंत्रण पॅनेलमध्ये लिनक्सवर चालणारा एक छोटा बोर्ड असून त्याला ७ इंची, ८०० बाय ४८० पिक्सेलची, चार तारांची रेझिस्टिव्ह (वरची फिल्म दाबली गेल्यावर स्पर्श ओळखणारी) टचस्क्रीन जोडलेली आहे. टच कंट्रोलर १२ बिटांचा आहे. टीएसलिब या टचस्क्रीनसाठीच्या लायब्ररीतील टीएस-कॅलिब्रेट (कॅलिब्रेशन करणारा, म्हणजे स्पर्शाची जागा पडद्यावरच्या जागेशी जुळवणारा प्रोग्राम) चालवून पाचही खुणा दाबल्या, की टीएस-टेस्ट या तिच्याच चाचणी प्रोग्राममध्ये रेघ नेमकी स्टायलसखाली उमटते. क्यूटी या सॉफ्टवेअर चौकटीत लिहिलेल्या आमच्या अ‍ॅपमध्ये मात्र बोट डावीकडून उजवीकडे नेले, तर कर्सर वरून खाली सरकतो. शिवाय काही पॅनेलांचा वीजपुरवठा बंद करून पुन्हा सुरू केल्यावर टीएस-टेस्टमध्येही स्पर्श चुकीच्या जागी पडतो. एकूण ४० पॅनेल तपासायची आहेत. दोष ड्रायव्हरचा आहे की कॅलिब्रेशनचा, हे कसे ओळखावे?

उत्तर १:
कॅलिब्रेशन बाजूला ठेवून आधी इव्हीटेस्ट (इनपुट उपकरणाच्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम) चालवा आणि कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, येणारे कच्चे आकडे पाहा. स्टायलसने एक आडवी रेघ ओढल्यावर एक्सऐवजी वायचा आकडा बदलत असेल, तर अक्षांची अदलाबदल ड्रायव्हरच्या पातळीवरच झालेली आहे. कॅलिब्रेशनचा निकाल जिच्यात साठवला जातो त्या टीएसलिबच्या पॉइंटरकॅल फाइलमध्ये सहा सहगुणक आणि एक भाजक असतो. एक्स काढताना वायही हिशेबात घेतला जात असल्यामुळे ही अदलाबदल त्या सूत्रात निमूटपणे जिरून जाते आणि टीएस-टेस्ट निर्दोष दिसते. आपले अ‍ॅप बहुधा ती फाइल वाचतच नसावे, म्हणून मूळ दोष तिथे उघडा पडतो.

डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचे कर्नलला दिलेले वर्णन) अक्ष बदलण्याचा गुणधर्म लावा, जुनी पॉइंटरकॅल फाइल काढून टाका (ती राहिली तर दुरुस्तीवर दुरुस्ती होऊन अक्ष पुन्हा उलटतील) आणि मगच कॅलिब्रेशन करा. त्यानंतर क्यूटीला टीएसलिब वापरायला सांगा, किंवा लिबइनपुट या इनपुट हाताळणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीचा कॅलिब्रेशन मॅट्रिक्स यूडेव्हच्या (लिनक्सची उपकरणे सांभाळणारी सेवा) नियमात लिहा. दोन्ही एकदम मात्र नको. वीज गेल्यावरच्या तक्रारीसाठी पॉइंटरकॅल फाइल कुठल्या फाइलसिस्टिमवर लिहिली जाते ते पाहा. मूळ फाइलसिस्टिम केवळ वाचण्यापुरती ठेवून वर रॅममधला थर दिलेला असेल, तर रीबूटनंतर फाइल उरणारच नाही.

उत्तर २:
ज्या पाच खुणांवरून कॅलिब्रेशन केले, त्याच पुन्हा दाबून पाहणे म्हणजे चाचणी नव्हे. कडांच्या मध्यावर आणि कोपरा व केंद्र यांच्या अधेमधे वेगळे बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू पाच वेळा दाबा आणि टीएस-प्रिंट (स्पर्शाची जागा आकड्यांत छापणारा टीएसलिबचा प्रोग्राम) जे आकडे देतो ते नोंदवा. सगळे स्पर्श एकाच दिशेला सारखेच सरकलेले असतील, तर कॅलिब्रेशन चुकलेले आहे. ते बिंदूभोवती विखुरलेले असतील, तर विद्युत गोंगाट किंवा हलका दाब हे कारण असते. तिथे पुन्हा कॅलिब्रेशन करण्यात वेळ घालवू नये, दाबाची मर्यादा आणि मीडियन फिल्टर (लागोपाठच्या नोंदींतला मधला आकडा घेणारी गाळणी) तपासावा. एवढ्या स्क्रीनवर एक पिक्सेल सुमारे ०.१९ मिलिमीटरचा भरतो, म्हणजे २० पिक्सेलची चूक जवळजवळ ४ मिलिमीटरची झाली. बटणे मोठी असतील तर ती खपून जाते, अंकांच्या कीबोर्डवर खपत नाही.

एक अनुभव सांगतो. आमच्याकडे एका पॅनेलमध्ये कोणी हात न लावताही उजव्या कोपऱ्यात सतत स्पर्श नोंदला जात असे. दोन दिवस ड्रायव्हर चाळून झाल्यावर पुढच्या चौकटीचा स्क्रू अर्धा आटा सैल केला आणि स्पर्श थांबला. चौकटच वरच्या फिल्मवर दाबत होती. म्हणून चाचणी पेटी पूर्ण बंद करूनच घ्यावी.

प्रश्नकर्ता:
आडव्या रेघेवर वाय २१० पासून ३८७० पर्यंत चढला आणि एक्स जवळपास जागचा हलला नाही. डिव्हाइस ट्री दुरुस्त करून आणि क्यूटीला टीएसलिब जोडून दिल्यावर अ‍ॅप व टीएस-टेस्ट जुळले. पॉइंटरकॅल खरोखरच रॅममध्ये लिहिली जात होती. ती आता डेटाच्या पार्टिशनवर ठेवली आहे. ४० पैकी तीन पॅनेलांमध्ये स्पर्श अजूनही विखुरतात. त्यांच्या चौकटी उद्या उघडून पाहतो.