मदत हवी आहे: स्प्रिंटच्या कॅलरीज किती धरायच्या? घड्याळ १४० म्हणतंय आणि अ‍ॅप ६६०

नमस्कार, मी सांगली जिल्ह्यातली, वय २२, उंची १५७, पोलीस भरतीची तयारी करतेय. आम्हा मुलींना मैदानीला ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळा असतो, ५० पैकी १५ मार्क १०० मीटरचे. माझं ८०० चांगलं बसलंय पण १०० ला अजून १६ सेकंद लागतात, म्हणून गेले दीड महिना आठवड्यातून तीन दिवस नुसतं स्प्रिंट करतेय.

पहाटे साडेपाचला शाळेच्या ग्राउंडवर जाते, टेपने १०० मीटर मोजून फक्की मारून ठेवलीय. आधी १६०० मीटर हळू जॉगिंग, मग स्ट्रेचिंग, मग ८ वेळा १०० मीटर फुल जोरात, प्रत्येक वेळी चालत मागे यायचं आणि दम खाली बसेपर्यंत थांबायचं, म्हणजे तीनेक मिनिटं जातात, शेवटी ८०० मीटर हळू. सगळं धरून ५० मिनिटं होतात.

आता अडचण अशी की माझ्या स्मार्टवॉचवर याच्या १४० कॅलरी दिसतात, आणि अ‍ॅपमध्ये तेच हाताने 'फास्ट रनिंग ५० मिनिटं' टाकलं की ६६० दाखवतं. ६६० काही पटेना म्हणून मी घड्याळाचे १४० धरत गेले, अ‍ॅपने दिवसाचं १४०० चं लक्ष्य दिलंय त्यात ते मिळवायचे आणि तेवढंच खायचं. पण दीड महिन्यात वजन ५४ वरून ५१.५ वर आलंय, शेवटच्या दोन स्प्रिंटला पाय उचलतच नाहीत आणि आई रोज म्हणते चेहरा किती उतरलाय तुझा. मला वजन कमी करायचंच नाहीये हो, गोळा पण टाकायचाय मला. नेमकं काय धरून लिहायचं कुणी सांगेल का प्लीज?

मैदानवेडा:
ताई, दोन्ही आकडे चुकीचे आहेत, आणि का ते कळलं की पुढे तुला कुणाला विचारावंच लागणार नाही. आधी अ‍ॅपचं बघू. अ‍ॅप मेटवर चालतं, म्हणजे शांत बसल्यावर शरीर जेवढं खर्च करतं त्याच्या किती पट. मिनिटाच्या कॅलरी काढायच्या तर मेट गुणिले ३.५ गुणिले वजन, भागिले २००. फास्ट रनिंगला साधारण १४.५ मेट धरतात, तुझं वजन ५२ धरलं तर मिनिटाला १३ च्या वर आणि ५० मिनिटांचे ६६०. पण तू ५० मिनिटं फास्ट पळतेस कुठे? ८ गुणिले १६ सेकंद कर, १२८ सेकंद होतात, म्हणजे फुल जोरातलं पळणं सगळं मिळून दोन मिनिटं आणि वर थोडं, बाकी सगळं जॉगिंग, चालणं आणि थांबणं.

म्हणून वेळ सोड, अंतर धर. पळताना किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे जवळपास १ कॅलरी जाते, हळू पळा नाहीतर जोरात, फार फरक पडत नाही. तुझं जॉगिंग आधीचं-नंतरचं मिळून २.४ किमी, झाले १२५. स्प्रिंट ०.८ किमी, हिशोबाने ४२, पण इथे एक गोष्ट आहे, उभ्यापासून सुटून वेग घेताना पहिल्या ३० मीटरला शरीराला एकसारख्या वेगाच्या दुपटीहून जास्त ताकद लागते, चढ चढल्यासारखंच असतं ते, म्हणून मी स्प्रिंटचे सरळ डबल धरतो, ८५. चालत परत येण्याचे २५. झाले २३५. नंतर धाप लागलेली असताना जो जास्तीचा ऑक्सिजन जातो त्याचे थोडे, तो काही लोक सांगतात तसा शेकड्यांनी नसतो, व्यायामाच्या खर्चाच्या ६ ते १५ टक्केच असतो. एकूण २५० ते २७०. तू डोळे झाकून २५० लिही, आणि रोज तेच लिही.

पळतराम:
वरच्या दादांचं बरोबर आहे, घड्याळाचं मी सांगतो. ठोके एकदम वाढत नाहीत, १६ सेकंदांचं स्प्रिंट संपून आपण थांबतो तेव्हा ते वर चढत असतात, आणि घड्याळ ठोक्यांवरून कॅलरी काढतं. त्यात स्प्रिंटला हात जोरात हलतात, पट्टा सैल असेल तर खालचा लाइटवाला सेन्सर भलतंच वाचतो. ऑटो पॉज चालू असेल तर तुझं थांबणं तो मोजतच नसणार, सेटिंगमध्ये बघ. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात उपकरणं तपासली होती, सहांचे ठोके ५ टक्क्यांच्या आत बरोबर आले, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं होतं तेही २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. म्हणून कॅलरीसाठी ते बघूच नको, वेळ लावायला वापर.

सुगरण_आणि_धावपटू:
अगं, मला त्या २५० पेक्षा तुझ्या १४०० ची जास्त काळजी वाटतेय. ते लक्ष्य वजन कमी करणाऱ्यांचं आहे, अ‍ॅप घेताना तसं सिलेक्ट झालं असणार. तुझ्या वय-उंची-वजनाला नुसतं पडून राहिलं तरी १२३० च्या आसपास लागतात, एवढी मेहनत करून १९०० ते २००० तरी हवेत. तू खातेस १५४०, म्हणजे रोज चारशेच्या वर तूट. आता वजनावरून उलटा हिशोब कर, अडीच किलो गुणिले ७७०० (एक किलो चरबीत साधारण एवढ्या कॅलरी असतात) भागिले ४२ दिवस, साडेचारशे येतात. वजन काटा आणि हा हिशोब एकमेकांना जुळतायत बघ. अजून एक विचारते, राग मानू नकोस, पाळी वेळेवर येतेय का?

धागाकर्ती:
राग कसला ताई, बरं झालं विचारलंत. मागच्या वेळी बारा दिवस पुढे गेली आणि यावेळी अजून आलीच नाहीये, मला वाटलं पळण्यामुळे होत असेल सगळ्यांनाच.

सुगरण_आणि_धावपटू:
सगळ्यांना होतं म्हणून सोडून देऊ नकोस. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर आधी पाळीवर काटकसर करतं, नंतर हाडांवर येतं आणि मग नडगी दुखायला लागते. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन पण करून घे. आणि खाण्याचं अवघड काही नाही, पळून आल्यावर मूठभर शेंगदाणे आणि गूळ, एक केळं, जेवताना एक भाकरी जास्त, दोन अंडी चालत असतील तर तीही, एवढ्यात चारशे-साडेचारशे भरून निघतात. स्प्रिंटच्या आणि सुट्टीच्या दिवशी वेगवेगळं मोजत बसू नकोस, आठवड्याला एकदा सकाळी उपाशी पोटी वजन कर आणि उतरत असेल तर वाढव.

धागाकर्ती:
आज अ‍ॅपमधलं लक्ष्य बदलून २००० केलं. वहीत तारीख, किती स्प्रिंट, प्रत्येकाचा टाइम, २५० आणि रविवारचं वजन एवढेच रकाने आखलेत. सोमवारी आईसोबत सरकारी दवाखान्यात जातेय. फक्त एक राहिलं, शेवटच्या दोन स्प्रिंटला पाय उचलत नाहीत त्यासाठी ताकद येईपर्यंत ८ चे ६ करू का?

मैदानवेडा:
कर, बिनधास्त ६ कर. आणि मध्ये तीनऐवजी चार-पाच मिनिटं थांब, दमलेल्या पायांनी काढलेलं १७ सेकंदांचं १०० मीटर काही कामाचं नाही. डॉक्टर काय म्हणतात ते इथे कळव.