अंदमान ट्रिप : पाचव्या दिवसाचं काय करायचं?

प्रशांत (सचिव): मंडळी, जानेवारीच्या अंदमान ट्रिपचा एजंटचा प्लॅन वर टाकलाय. अकरा घरं झालीत. टोकन शनिवारपर्यंत. काय ते इथेच लिहा, मला ऑफिसात फोन नकोत 🙏

सुषमा काकू (बी-२०३): अरे प्रशांत, पाचव्या दिवशी पहाटे ३ ला निघायचं लिहिलंय. छपाईची चूक आहे का?

प्रशांत (सचिव): नाही काकू, खरंच ३. बाराटांगला जायचंय. चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी. मध्ये जंगलातून गाड्यांचा कॉन्व्हॉय (पोलिसांबरोबर जाणारा ताफा) असतो, सहाचा गाठायचा तर आधी जाऊन नंबर लावावा लागतो.

निखिल (सी-५०४): आणि वाटेत जारवा आदिवासी दिसतात!! आमच्या ऑफिसातल्या एकाला दिसले होते, अगदी रस्त्याच्या कडेला.

रोहिणी (बी-६०१): मला तो दिवस त्याच कारणासाठी नकोय.

निखिल (सी-५०४): ??

रोहिणी (बी-६०१): कॉलेज सुटलं की लिहिते.

प्रीती (सी-१०२): तोवर सी विंगच्या लिफ्टसमोरची सायकल कोणाची ते सांगा. तीन दिवस विचारतेय.

जोशी काका (ए-३०१): आपण मुळात तात्याराव सावरकरांच्या कोठडीचं दर्शन घ्यायला चाललोय. बाकी सगळं गौण. आणि प्लॅनमध्ये पोर्ट ब्लेअर लिहिलंय ते बदला, २०२४ पासून श्रीविजयपुरम आहे.

रोहिणी (बी-६०१): हं, आता लिहिते. लांब आहे, वाचा.
अंदमान ट्रंक रोड जिरकाटांगच्या चौकीपासून मिडल स्ट्रेटच्या धक्क्यापर्यंत जवळजवळ ५० किमी जारवांच्या राखीव जंगलातून जातो. २०११ च्या जनगणनेत जारवा होते ३८०. आपल्या तीन विंगमध्ये त्याहून जास्त माणसं राहतात. १९९७ पर्यंत बाहेरचा माणूस दिसला की ते बाण मारायचे. मग हळूहळू बाहेर यायला लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २००६ मध्ये परत. आपल्या मुलांना ज्याची लस नवव्या महिन्यात मिळते, तो रोग. मे २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने राखीव जंगलातला रस्ता बंद करायला सांगितलं. तो बंद झाला नाही. जानेवारी २०१२ मध्ये एका ब्रिटिश वर्तमानपत्राने व्हिडिओ बाहेर काढला. खायला देतो म्हणून जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावलं होतं. २०१३ च्या जानेवारीत कोर्टाने पर्यटकांना त्या रस्त्यावर बंदी घातली, मार्चमध्ये ती उठलीसुद्धा. तेव्हापासून कॉन्व्हॉय, पोलीस आणि नियम यांच्या भरवशावर चाललंय.

निखिल (सी-५०४): मग झालं की! गाडी थांबवत नाहीत, फोटो काढू देत नाहीत, पोलीस बरोबर असतात. कायदेशीर आहे ना?

रोहिणी (बी-६०१): कायदेशीर आहे, नाही कोण म्हणतंय? पण सकाळी तू गुहांबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. तू जारवांबद्दल लिहिलंस, दोन उद्गारचिन्हं देऊन. एजंट तेच तर विकतोय. प्लॅनमध्ये लिहायची सोय नाही म्हणून फोनवर सांगतात, ‘नशीब असेल तर दिसतील’. माणसं दिसण्यासाठी नशीब आजमावायचं, हे मला तरी जमणार नाही.

सावंत (सी-४०१): रोहिणीताई, रोज शेकडो माणसं जातात. आपण अकरा घरं नाही गेलो तर असं काय होणार आहे? आणि तो रस्ता तिथले लोकही वापरतातच की.

नेने काका (ए-७०१): मी बोलू का जरा? जहाजावरची नोकरी सोडल्यावर शेवटची नोकरी मी अंदमानातच केली.
सावंत, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, तिथले लोक वापरतात. रंगत, मायाबंदर, दिगलीपूर ही सगळी गावं त्या रस्त्यावर उत्तरेला. तिकडचा पेशंट मोठ्या हॉस्पिटलात आणायचा तर तोच रस्ता, नाहीतर बोट. भाजी, औषधं, शिकायला जाणारी मुलं, सगळं त्यावरूनच. त्यांची गरज आणि आपली हौस एकाच रांगेत उभी असते, गोची तिथे आहे. आपण गुहा नाही पाहिल्या तर आपलं काही अडत नाही.
जिरकाटांगला पहाटे काय चालतं ते सांगतो. अंधारात शंभरेक गाड्या. टपरीवर चहा, वडे, आधारच्या झेरॉक्स. पोलीस भोंग्यावरून सांगत असतो, ४० च्या वर वेग नाही, ओव्हरटेक नाही, काच खाली नाही, कॅमेरा नाही, खाऊ देऊ नका. ते चालू असताना शेजारच्या टपरीवर लोक बिस्किटांचे पुडे घेत असतात. विचारलं तर म्हणतात मुलांसाठी. गेट उघडलं की गाडीत सगळे गप्प आणि सगळ्यांची डोकी खिडकीला. तिथे झाडं आहेत, हजार वर्षांची असतील, पण झाड कोणी बघत नाही.

सुषमा काकू (बी-२०३): अगदी आपलं सीताफळ बघायला आल्यासारखे येतात हो लोक.

निखिल (सी-५०४): काकू 😂 कुठलं सीताफळ?

सुषमा काकू (बी-२०३): अरे बिल्डिंगमागचं. पिकलं का म्हणून रोज कोणीतरी डोकावतं.

अनघा (ए-४०२): मला एक शंका आहे. बाराटांगमध्ये ज्यांचं पोट पर्यटकांवर आहे त्यांचं काय? आपण इथे बसून नैतिकता करायची आणि तिथला होडीवाला उपाशी?

नेने काका (ए-७०१): हा प्रश्न मला आवडला, कारण याला सोपं उत्तर नाही. नीलांबूर जेट्टीवरून खारफुटीतून गुहांपर्यंत नेणारे होडीवाले बहुतेक रांचीकडून, बंगालमधून आणून वसवलेल्या लोकांची पुढची पिढी. रांचीवाल्यांना इंग्रजांनी लाकूडतोडीसाठी नेलं. त्यांनाही कोणी विचारून नेलं नव्हतं. आपण गेलो नाही तर त्यांचं नुकसान होतं, होत नाही असं मी म्हणणार नाही. पण तेवढ्यासाठी जारवांच्या जंगलातून रोज पर्यटकांच्या गाड्या काढायच्या का, तर माझं मत नाही. त्यांना समुद्रावरून गिऱ्हाईक मिळालं पाहिजे. ते प्रशासनाचं काम.

जोशी काका (ए-३०१): नेने, सेल्युलर जेल तरी नीट बघता येईल ना? की तिथेही घाई?

नेने काका (ए-७०१): जेल सावकाश बघा. आणि खाली उतरलात की वॉटर स्पोर्ट्सच्या आवारात जा. रॉस आणि नॉर्थ बेच्या बोटींची तिकिटं तिथेच मिळतात. तिथे अबरडीनच्या लढाईचं स्मारक आहे, मे १८५९. अंदमानी लोक धनुष्यबाण घेऊन इंग्रजांच्या वसाहतीवर चालून आले होते. जेल बांधायला घेतला त्याच्या सदतीस वर्षं आधी. दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी त्यांच्यात राहिला होता, त्यांच्यातच लग्न केलं होतं, त्यानेच हल्ल्याआधी इंग्रजांना बातमी फोडली. पुढे बंदुकांपेक्षा रोगांनी जास्त माणसं गेली. हजारोंनी असलेले ग्रेट अंदमानी १९६१ च्या जनगणनेत १९ उरले होते. त्यातली बो भाषा बोलणारी शेवटची बाई २०१० मध्ये वारली. लोक त्या स्मारकाला पाठ करून जेट स्कीच्या रांगेत उभे असतात.

जोशी काका (ए-३०१): हे मला खरोखर माहीत नव्हतं. तिथे मी फूल वाहणार.

रोहिणी (बी-६०१): आणि मानववंशशास्त्राचं म्युझियम शहरातच आहे. जारवा, ओंगे, निकोबारी, शोंपेन, सेंटिनली, सगळ्यांबद्दल तिथे वाचता येतं, बघता येतं. कोणाच्या दारात न जाता.

निखिल (सी-५०४): ठीक आहे, पण मग पाचव्या दिवशी करायचं काय? हॉटेलात बसून पत्ते?

नेने काका (ए-७०१): वंडूरला जा. तिथून जॉली बॉय बेटावर बोट जाते, महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्कमध्ये येतं ते. तळ काचेचा असलेल्या होडीतून प्रवाळ बघा. पण प्लास्टिक अजिबात चालत नाही. वेफर्सचं पाकीट, पाण्याची बाटली, सगळं जेट्टीवर तपासतात. आपल्या लोकांना त्याचा राग येतो, पण बेट कसं स्वच्छ राहिलंय ते बघाल. २०१० मध्ये पाणी तापून तिकडचं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं. जे उरलंय त्यावर कृपा करून उभे राहू नका. गाईड फोटोसाठी पाव टाकून मासे गोळा करतो, त्याला आधीच नको म्हणून सांगा.

सुषमा काकू (बी-२०३): किनाऱ्यावर पडलेले शिंपले आणले तर चालतात ना? नातवाला प्रोजेक्ट आहे.

नेने काका (ए-७०१): नाही हो वहिनी. मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा नाही. विमानतळावर बॅग उघडायला लावतात. सरकारी सागरिका एम्पोरियममधून बिल करून घ्या, बिल जपून ठेवा.

प्रशांत (सचिव): बाराटांग काढायचं का, पोल टाकतोय. आज रात्री १० पर्यंत.

सावंत (सी-४०१): मी काढा म्हणतो. झोप तरी होईल.

प्रशांत (सचिव): काढा ८, ठेवा ३.

निखिल (सी-५०४): आम्ही तीन घरं वेगळी गाडी करून जाऊन येऊ. मुलांना ज्वालामुखी बघायचाय, त्यांना सांगून झालंय.

रोहिणी (बी-६०१): मुलांना चिखलाचा ज्वालामुखी हवाय, हे पटतं. मग काचा वर, फोन बॅगेत, आणि ड्रायव्हर ‘स्लो करू का’ म्हणाला तर नाही म्हण. तो विचारतो, कारण त्याला टीप मिळते.

निखिल (सी-५०४): हो. बिस्किटं घरूनच, आणि ती आमच्याच पोटात. पक्कं.

प्रशांत (सचिव): एजंटशी बोललो. म्हणतो बाराटांग काढलं तरी पैसे कमी होणार नाहीत, गाडी बुक आहे.

अनघा (ए-४०२): त्याला सांगा त्याच पैशात हॅवलॉक बेटावरची एक रात्र वाढव. आणि तिथे मोठं रिसॉर्ट नको, गावातल्या कोणाचं गेस्ट हाऊस बघ. जेवणही तिथेच.

सुषमा काकू (बी-२०३): मासे ताजे मिळतील मग. मला चालेल.

नेने काका (ए-७०१): प्रशांत, एक राहिलं. जॉली बॉयचं परमिट आधी काढावं लागतं. आणि पार्क सोमवारी बंद असतं. तुझा पाचवा दिवस कुठला वार येतो ते बघ.

प्रशांत (सचिव): सोमवार 🤦 म्हणजे चौथा आणि पाचवा दिवस अदलाबदल. नील बेटाची फेरी सोमवारी करावी लागेल, तिकिटं झालेली नाहीत अजून. उद्या सकाळी एजंटला पकडतो. डबे स्टीलचे घ्या सगळ्यांनी.

प्रीती (सी-१०२): सायकल अजून तिथेच आहे.